आरसा आणि पडदा

कॅमेरा विकत घेण्यास निघालेला मनुष्य दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी मेगापिक्सेलचे आकडे तोंडपाठ करतो, लेन्सांच्या किमतींची यादी खिशात बाळगतो, कोणत्या कंपनीच्या चित्रात माणसांची कातडी पिवळी दिसते आणि कोणाच्या चित्रात तांबूस, याविषयी मित्रमंडळींशी यथेच्छ हुज्जत घालून मोकळा होतो. परंतु पुढील आठ-दहा वर्षे ज्या बोटभर झरोक्याला डोळा लावून त्याला उभे राहावयाचे आहे, त्या व्ह्यूफाइंडरची चौकशी तो बहुधा सर्वांत शेवटी, आणि तीही दुकानदाराने विषय काढलाच तर, करतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास माझे एक स्नेही, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले आणि उतारवयात पक्षिनिरीक्षणाचा नाद लागलेले, मला बरोबर घेऊन पुण्यातील जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर दोन कॅमेरे शेजारी शेजारी मांडले: २०१७ सालचा निकॉन डी८५० आणि २०१८ सालचा निकॉन झेड७. कंपनी एक, दोहोंच्या पोटातील सेन्सर सारखाच ४५.७ मेगापिक्सेलचा, वयात अंतर अवघ्या एका वर्षाचे. मुख्य भेद एवढाच, की पहिल्यात आरसा आहे आणि दुसऱ्यात त्याच्या जागी एक चिमुकला पडदा आहे. या प्रश्नाचा निवाडा करावयास इतकी चोख जोडी क्वचितच सापडावी, म्हणून पुढील विवेचनात मी वारंवार तिच्याकडे वळणार आहे.

पाहणे आणि टिपणे या दोन क्रियांचा तंटा छायाचित्रणाइतकाच जुना आहे. तिवईवरील लाकडी कॅमेऱ्यामागे काळे फडके डोक्यावर घेऊन उभा राहणारा स्टुडिओवाला दुधी काचेवर जे चित्र पाही ते पाय वर आणि डोके खाली असे उलटे असे. शिवाय एकदा ते पाहून झाले की त्याच जागी संवेदनशील काच सरकवावी लागत असल्यामुळे ऐन टिपण्याच्या क्षणी तो गृहस्थ सर्वस्वी आंधळा होई. १९२९ साली आलेल्या रोलायफ्लेक्सने एकाऐवजी दोन लेन्सा देऊन, वरची पाहण्यास आणि खालची टिपण्यास, हे आंधळेपण घालवले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी अशा पेटीत मान खाली घालून पाहत पाहतच स्वातंत्र्योदयाच्या काळातील दिल्ली टिपली. मात्र तेथे डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसे, आणि जवळची वस्तू असली की वरच्या लेन्सने पाहिलेले खालच्या लेन्सने जसेच्या तसे टिपलेले नसे. लायकाने तिसरीच वाट धरली. १९५४ सालच्या तिच्या एम३ या कॅमेऱ्यात लेन्सशी संबंध नसलेली एक स्वच्छ खिडकी होती आणि तीत चित्राची चौकट उजळ रेषांनी आखलेली असे. चौकटीबाहेरचे, म्हणजे अद्याप चित्रात न आलेले पण येऊ घातलेले जगही त्या खिडकीतून दिसे, आणि रस्त्यावर चित्रे काढणाऱ्यांना ते किती मोलाचे वाटे हे हाँरी कार्तिए-ब्रेसाँसारख्या छायाचित्रकाराने दशकानुदशके लायका हातातून सोडला नाही यावरून कळते.

ज्याला आपण आज ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर म्हणून ओळखतो, त्याची परंपरा मात्र एसएलआर कॅमेऱ्याची. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत कललेल्या आरशावर आदळून वर वळतो, एका दुधी पडद्यावर चित्र उमटवतो, आणि त्या पडद्यावर बसवलेला पंचकोनी लोलक, वर घराच्या छपरासारख्या उतरत्या दोन बाजू असलेला काचेचा जाड ठोकळा, ते चित्र सरळ आणि डावे-उजवे दुरुस्त करून डोळ्याच्या हवाली करतो. ड्रेस्डेनहून १९४९ साली निघालेला कॉन्टॅक्स एस हा असा लोलक डोक्यावर धारण करणाऱ्या पहिल्या मोजक्या कॅमेऱ्यांपैकी. १९५४ साली जपानच्या असाहीफ्लेक्सने, चित्र टिपून झाल्याबरोबर आरसा आपोआप खाली येईल अशी व्यवस्था केली, आणि १९५९ च्या निकॉन एफने या साऱ्या यंत्रणेला वृत्तपत्रांच्या आणि युद्धभूमीच्या धकाधकीत टिकेल असे बळ दिले. फिल्म जाऊन सेन्सर आला तरी हा आरसा आणि हा लोलक जागचे हलले नाहीत. डी८५० च्या माथ्यावरचा उंचवटा म्हणजे तोच १९४९ चा ठोकळा.

आता या व्यवस्थेच्या अभिमान्यांचा एक आवडता दावा असा, की ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरातून आपण जग प्रत्यक्ष पाहतो आणि इलेक्ट्रॉनिकमध्ये केवळ त्याचा टीव्ही पाहतो. हा दावा निम्मा खरा आहे. प्रकाश खराखुरा, मधे कोणी कारकून नाही, उशीर नाही, बॅटरी उतरली तरी दृश्य शाबूत, आणि कडक उन्हात सावलीतले तपशील डोळा आपल्या स्वभावाप्रमाणे वेचून घेतो, हे सर्व मान्य. परंतु आपण पाहतो ते जग नव्हे, दुधी पडद्यावर पडलेली त्याची प्रतिमा. आणि तो पडदा अधिक उजळ दिसावा म्हणून अलीकडे अशा रीतीने बनवलेला असतो, की लेन्स एफ/१.४ ची लावली तरी पार्श्वभूमी साधारण एफ/२.८ इतकीच धूसर दिसते. नवरीच्या मागच्या दिव्यांची माळ चित्रात विरघळून जाणार आहे, आणि व्ह्यूफाइंडर मात्र ती बऱ्यापैकी स्पष्ट दाखवतो. म्हणजे ज्याला आपण सत्यवचनी साक्षीदार समजत होतो, तोही लेन्स महाग झाली की थोडे हातचे राखून बोलतो. शिवाय प्रकाशमापन चुकले असेल, चित्र निळे किंवा पिवळे येणार असेल, तर त्याविषयी त्याच्याकडे काहीच माहिती नसते, कारण तो जगाची बाजू सांगतो, चित्राची नाही.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडराची गोष्ट बरोबर उलट. येथे आरसा नाही. लेन्समधला प्रकाश सतत सेन्सरवर पडतो, कॅमेऱ्यातील गणकयंत्र त्याचे चित्र तयार करते, आणि ते चित्र नखाएवढ्या पडद्यावर उमटून एका भिंगातून मोठे दिसते. अदलाबदलीच्या लेन्सांच्या कॅमेऱ्यात हा बेत प्रथम पॅनासॉनिकच्या जी१ ने २००८ साली बाजारात आणला. त्याच्या पडद्यात १४ लाख ४० हजार बिंदू होते असे जाहीर झाले, आणि हा आकडा त्या काळी थोर वाटला. पण या हिशोबातली मेख अशी, की तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन बिंदू मिळून चित्राचा एक ठिपका होतो, म्हणून प्रत्यक्षात ते चित्र ८०० बाय ६०० ठिपक्यांचेच होते. शिवाय तिन्ही रंग एकामागून एक झपाट्याने दाखवण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे नजर झरकन फिरवली की पांढऱ्या कडांवर इंद्रधनुष्याचे तुकडे सांडत. पुढे गती वाढली. २०१३ च्या सोनी ए७ मध्ये साडेतेवीस लाखांवर, आपल्या झेड७ मध्ये ३६ लाख ९० हजार, आणि २०२० च्या सोनी ए७एस३ मध्ये ९४ लाख ४० हजार बिंदू आले. शेवटच्या आकड्याचा अर्थ २०४८ बाय १५३६ ठिपके; तेथे पोचल्यावर पिसांच्या कडा दातेरी दिसतात ही जुनी फिर्याद दप्तरी दाखल करून टाकण्यास हरकत नाही.

बिंदूंच्या मोजणीत मन रमवणाऱ्यांनी मात्र काळाचा हिशोब अवश्य करावा. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर दोन चित्रांमधील अवकाश सेकंदाच्या साठाव्या भागाचा, म्हणजे सुमारे १७ सहस्रांश सेकंदांचा झाला. सेकंदाला १० मीटर वेगाने उडणारा सुरय पक्षी तेवढ्यात १७ सेंटिमीटर पुढे सरकतो. आणि सेन्सर वाचून चित्र पडद्यावर येईपर्यंतचा विलंब त्यात धरलेलाच नाही. १२० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर हे अंतर निम्मे होते, आणि म्हणूनच पक्षी व खेळ टिपणाऱ्याने बिंदूंपेक्षा या आकड्याची आधी विचारणा करावी असे मला वाटते.

दोन हिवाळ्यांपूर्वी भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या एका मच्छीमाराच्या होडीत बसून मी याचा पडताळा घेतला. पहाटेचे धुके पाण्यावर बसलेले, समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग, होडीवाल्याने वल्हे उचलून धरलेले. माझ्याकडे आरशाचा जुना कॅमेरा होता, सोबतच्या तरुणाकडे मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, पडद्याचा. पाऊण तास काही घडले नाही. मी अधूनमधून डोळा लावी. कॅमेरा निद्रिस्त असला तरी मला थवा दिसतच असे, जणू हातात एक दुर्बीण. एकाएकी एक शिकरा किंवा असाच कोणी शिकारी पक्षी वरून गेला असावा. सबंध रांग पाण्यावर पावले आपटीत धावू लागली आणि उठली. तरुणाने कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा त्याचा व्ह्यूफाइंडर वीज वाचवण्यासाठी झोपी गेलेला होता; तो जागा होईतो पहिल्या पंखांतली गुलाबी झळक निघून गेली होती. त्याने तोंडातल्या तोंडात जे काढले ते येथे छापण्याजोगे नाही. पण अर्ध्या तासाने सूर्य वर आला, पक्ष्यांच्या मागे पाणी चकाकू लागले, आणि आता पाळी माझी होती. मला व्ह्यूफाइंडरात रोहित सुंदर दिसत होते आणि सेन्सरवर काळे ठिपके उमटत होते. त्याला ते काळे पडलेले आधीच दिसले, त्याने अंगठ्याने एक चकती दोन खटके फिरवली, पक्षी पडद्यावर गुलाबी झाले, आणि मगच त्याने बटण दाबले. मला दर खेपेस कॅमेरा खाली घेऊन, हाताची सावली करून, मागच्या पडद्यावर चूक शोधावी लागत होती.

या प्रसंगात सर्व वादाचे सार आले असे मी मानतो. आरसा जग दाखवतो. पडदा चित्र दाखवतो. ज्याला क्षणाची वाट पाहावयाची आहे त्याला पहिले हवे, ज्याला परिणाम हाती धरावयाचा आहे त्याला दुसरे. आणि बहुतेक माणसांना, त्यांनी कबूल केले नाही तरी, दुसरेच अधिक वेळा हवे असते. येथे हेही नोंदवले पाहिजे, की क्षण दाखवण्याच्या बाबतीत आरशाची कीर्ती थोडी फुगवलेली आहे. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. म्हणजे जो क्षण चित्रात उतरला नेमका तोच छायाचित्रकाराने पाहिलेला नसतो. उलट २०१७ च्या सोनी ए९ ने सेकंदाला २० चित्रे टिपत असतानाही पडदा क्षणभर काळा होऊ दिला नाही, आणि २०२१ च्या निकॉन झेड९ ने तर यांत्रिक शटरच रजेवर पाठवले. आमचा झेड७ या पंक्तीत बसत नाही. सर्वाधिक वेगात तो चालू दृश्याऐवजी नुकतीच टिपलेली चित्रे एकामागून एक दाखवतो, आणि उडत्या पक्ष्याचा पाठलाग करणाऱ्याला भूतकाळाच्या मागे धावावे लागते.

विजेच्या जमाखर्चात आरशाची बाजू निर्विवाद वरचढ आहे. जपानी उत्पादकांच्या संघाने ठरवलेल्या चाचणीनुसार डी८५० एका भरणीत १,८४० चित्रे काढतो आणि झेड७ ३३०. ही चाचणी कडक असल्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे वाढतात, पण प्रमाण फारसे बदलत नाही, कारण एकाला पाहण्यासाठी वीज लागतच नाही आणि दुसऱ्याला पाहणे हाच मोठा खर्च. याच्या मोबदल्यात झेड७ चे वजन, बॅटरी आणि कार्ड धरून, ६७५ ग्रॅम भरते आणि डी८५० चे १,००५. तिसऱ्या प्रहरी गळ्यातल्या पट्ट्याला हा फरक समजतो.

अंधाराचा मामला निराळा. सावंतवाडीकडे एका गावच्या जत्रेत दशावतारी नाटक टिपताना मला प्रथम कळले, की छोट्या छिद्राच्या लेन्सने ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर किती काळवंडतो आणि पडदा तेच दृश्य कसे उजळून देतो. कॅननने २०२० साली एफ/११ सारख्या मंद छिद्राच्या ६०० आणि ८०० मिलिमीटर लेन्सा काढण्याचे धाडस केले ते याच बळावर; आरशाच्या कॅमेऱ्यावर त्यांतून पाहणे म्हणजे गोणपाटातून पाहणे झाले असते. अर्थात पडद्यावरचा हा उजेड उसना असतो. त्यात रवाळपणा येतो, हालचाल अडखळते, आणि रंगमंचावरचे एलईडी दिवे कधी कधी आडव्या पट्ट्यांच्या रूपाने हजेरी लावतात. स्टुडिओत फ्लॅश वापरणाऱ्याने चित्राचा अंदाज दाखवणारी सोय बंद करावी, नाहीतर त्याला केवळ काळोख दिसेल. कोकणात राहणाऱ्याला आणखी एक जोखीम: पावसाळी दमटपणात लोलकावर आणि दुधी पडद्यावर बुरशी धरते, आणि ती काढण्यासाठी कॅमेरा उघडावा लागतो. पडद्याचे दुखणे उन्हाचे. नेत्रिका वर करून कॅमेरा उन्हात ठेवला तर तिचेच भिंग सूर्यकिरण गोळा करून आतला पडदा जाळू शकते. आणि लांब लेन्समधून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडराने सूर्याकडे कधीही पाहू नये, कारण तेथे जळण्यासाठी असलेला पदार्थ म्हणजे आपला डोळा.

मधल्या वाटाही निघाल्या. कॅननने १९६५ च्या पेलिक्समध्ये आरसा अर्धपारदर्शक करून कायमचा स्थिर ठेवला. सोनीने २०१० पासून तीच युक्ती पडद्याशी जोडून पाहिली. फुजीफिल्मच्या एक्स१०० ने २०११ साली एका खटक्याने काचेच्या खिडकीचा पडदा आणि पडद्याची खिडकी करून दाखवली, आणि ती जोडव्यवस्था त्या मालिकेत अजून नांदते. या सर्वांत मला एक्स१०० मनापासून आवडतो. पण त्यात लेन्स बदलता येत नाही, म्हणून पक्षिमित्राच्या यादीतून तो आपोआप बाद होतो.

बाजाराने आपला निकाल केव्हाच दिला आहे. कॅनन आणि निकॉन यांचे आरशाचे शेवटचे मातब्बर कॅमेरे २०२० सालचे, आणि त्यानंतर त्या घराण्यांचा सारा अंमल मिररलेसकडे गेला. एकट्या पेंटॅक्सने २०२१ साली के-३ मार्क ३ काढून आरशाची गादी चालू ठेवली. परिणामी आरशाचे उत्तम कॅमेरे आणि त्यांच्या लेन्सा जुन्या बाजारात किफायतशीर भावाने मिळू लागल्या आहेत, आणि मर्यादित द्रव्य बाळगणाऱ्या नवशिक्याने लाजून त्यांच्याकडे पाठ फिरवण्याचे काही कारण नाही. फक्त लोलकाऐवजी साधे आरसे वापरणारे अगदी स्वस्त मॉडेल टाळावे, कारण त्यातून पाहणे म्हणजे बोगद्याच्या टोकाला टांगलेले पोस्टाचे तिकीट पाहण्यासारखे आहे. दृश्य किती मोठे दिसते ते सांगणारे आकडेही तेथे फसवे असतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर छापलेले ०.९५ हे मोठ्या सेन्सरच्या मापाने जेमतेम ०.६३ ठरते, आणि डी८५० चे ०.७५ दिसायला लहान पण पाहायला बरेच मोठे.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही त्या दुकानात तासभर बसलो त्याकडे येतो. नेत्रिकेपासून डोळा जास्तीत जास्त जितका दूर असला तरी चारही कोपरे दिसतात, त्या अंतराला परिभाषेत आयपॉइंट म्हणतात. डी८५० चे ते अंतर १७ मिलिमीटर, झेड७ चे २१. चार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढेही नव्हे. पण चष्म्याची काच स्वतःच तेवढी जागा खाते, आणि चष्मेवाल्याला एका कॅमेऱ्यात खालची आकड्यांची ओळ दिसत नाही, दुसऱ्यात दिसते. चष्मा काढून पाहावे तर नेत्रिकेचा नंबर बदलण्याची चकती डी८५० मध्ये उणे ३ ते अधिक १ पर्यंतच फिरते, झेड७ मध्ये उणे ४ ते अधिक २ पर्यंत. त्यात चाळिशीची भर. टिपलेले चित्र नीट आले की नाही हे पाहण्यास आरशाच्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा हातभर अंतरावर धरावा लागतो आणि त्यासाठी वाचायचा चष्मा लागतो. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरात मात्र टिपलेले चित्र, तपशीलवार यादी, सर्व काही त्याच झरोक्यात आणि साधारण एक मीटर दूर असल्यासारखे दिसते. साठी ओलांडलेल्या मनुष्याला दोन चष्म्यांची ही कवायत दिवसातून दोनशे वेळा करावयाची की नाही, हा प्रश्न लाखो बिंदूंपेक्षा मोठा आहे, आणि कंपन्यांच्या जाहिरातींत मला तो कोठेच आढळला नाही.

म्हणून मी स्नेह्यांना सांगितले, की दुकानाच्या दारात उभे राहून आधी रस्त्यावरच्या उन्हाकडे पाहा, मग काउंटरखालच्या अंधाराकडे पाहा, मग जाणाऱ्या रिक्षेमागे कॅमेरा भरभर फिरवा, आणि शेवटी चारही कोपरे मोजा. त्यांनी ऊन पाहिले, अंधार पाहिला, तीन रिक्षांचा पाठलाग केला. कोपऱ्यांची पाळी आली तेव्हा असे निष्पन्न झाले, की खिशात आहे तो वाचायचा चष्मा आणि लांबचा घरी टेबलावर राहिला आहे. निकाल दुसऱ्या दिवसावर तहकूब झाला. दुसऱ्या दिवशी ते योग्य चष्मा लावून आले, डी८५० मधून एकदा, झेड७ मधून दोनदा पाहिले, आणि झेड७ घेतला; सोबत दोन जादा बॅटऱ्या.